फ्रेड रॉजर्सवरचा माहितीपट: आरती की ओळख?

नीलमोहर
मॉर्गन नेव्हिल यांचा 'वोन्ट यू बी माय नेबर?' (२०१८) काल पाहिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्रेड रॉजर्स हे अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून लहान मुलांसाठी कार्यक्रम करायचे, १९६८ ते २००१, मधला थोडा खंड सोडला तर. घरात यायचं, कोट काढून स्वेटर चढवायचा, बूट बदलायचे आणि समोर एकच मूल बसलंय असं समजून सावकाश बोलायचं.

मलाही रडू आलं. पण एक गोष्ट सलतेय. फ्रान्स्वा क्लेमन्स हे कृष्णवर्णीय गायक कार्यक्रमात पोलीस व्हायचे. ते समलिंगी. तसल्या क्लबात ते दिसले तेव्हा रॉजर्सनी त्यांना बजावलं, पुन्हा तिथे जायचं नाही, नाहीतर कार्यक्रमात राहता येणार नाही. "तू आहेस तसा मला आवडतोस" असं रोज सांगणारा माणूस हे म्हणतो आणि माहितीपट दोन-चार मिनिटांत पुढे सरकतो. तिथे थांबायला हवं होतं.

सुगरण_पक्षी
असहमत. ती गोष्ट क्लेमन्सच्याच तोंडून येते, ती झाकलेली नाही. पुढे एका भागाच्या शेवटी रॉजर्स "तू आहेस तसा मला आवडतोस" असं म्हणाले, तेव्हा क्लेमन्सनी विचारलं, "ते शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं का?" रॉजर्स म्हणाले, "मी दोन वर्षं तुलाच सांगतोय, तुला आज ऐकू आलं." क्लेमन्सना कोसळून रडू आलं, हेही ते स्वतःच सांगतात. ज्याला दुखलं त्याने माफ केलं असेल तर आपण कोण जाब विचारणार?

नीलमोहर
माफी त्यांची, ती त्यांनी दिली. माझा प्रश्न दिग्दर्शकाला आहे. प्रायोजक पळतील ही भीती होती, त्या काळात नोकरी जाऊ शकत होती, हे सगळं मान्य. मग तेच नीट उलगडून दाखवा ना.

घाटावरचा
मला मूळ विषयच पटत नाही. मी वीस वर्षं शिकवतोय. "तू आहेस तसा छान" हे ऐकून वाढलेलं पोर चुकीला चूक म्हणू देत नाही. अमेरिकेतही हा आक्षेप टीव्हीवर घेतला गेला, माहितीपटात तो आहे. मुलांना कौतुकाइतकीच शिस्तही लागते.

सुगरण_पक्षी
सर, रॉजर्सची १ मे १९६९ ची अमेरिकी सिनेटसमोरची साक्ष बघाच. सार्वजनिक वाहिन्यांचा दोन कोटी डॉलरचा सरकारी निधी निम्म्यावर आणायचा घाट होता. उपसमितीचे अध्यक्ष जॉन पॅस्टोरी सुरुवातीला वैतागलेले. रॉजर्सनी त्यांना आपल्या एका गाण्याचे शब्द नुसते म्हणून दाखवले. गाणं रागाचं: राग आला की काय करायचं, आणि वाईट करायला निघालेलं असताना थांबता येणं किती छान वाटतं. पॅस्टोरी म्हणाले, अंगावर काटा आला, तुमचे दोन कोटी तुम्ही मिळवलेत. राग आवरायला शिकवणं ही शिस्त नाही तर काय?

घाटावरचा
हे गाणं माहीत नव्हतं. तेवढ्यापुरता मुद्दा मागे घेतो. बाकी मत कायम.

मोगरा_पेनसिल्व्हेनिया
आम्ही १९८२ पासून पिट्सबर्गच्याच राज्यात, पेनसिल्व्हेनियात. माझा मुलगा चार वर्षांचा असताना साताऱ्याला माझे सासरे गेले. तिकिटाचे पैसे नव्हते, आम्ही जाऊ शकलो नाही. मी मुलाला म्हटलं, आजोबा देवाघरी गेले. पुढचे कितीतरी दिवस तो विचारायचा, "मग परत कधी येणार?" दाराची बेल वाजली की धावायचा.

रॉजर्सच्या एका जुन्या भागात टाकीतला मासा मेलेला असतो. ते त्याला मिठाच्या पाण्यात ठेवून बघतात, हलत नाही. मग कागदात गुंडाळून अंगणात पुरतात आणि आपली लहानपणीची कुत्री मेली तेव्हा किती रडलो ते सांगतात. मागे संगीत नाही, घाई नाही. तो भाग आम्ही दोघांनी बघितला. तो संपल्यावर मी पहिल्यांदा "आजोबा वारले, ते परत येणार नाहीत" असं बोलू शकले. तो माझ्या पदरात तोंड खुपसून रडला. मीही. त्या दिवसानंतर बेल वाजली की धावणं थांबलं.

घाटावरचा, तुमच्या शिस्तीला माझा विरोध नाही. पण त्या दिवशी आम्हाला हवं होतं ते दुसरं कुणी देत नव्हतं.

नीलमोहर
मोगराताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझा आक्षेप तसाच आहे, पण तो रॉजर्सवर नाही हे आता स्पष्ट लिहिते. त्यांच्या पत्नी जोआन सांगायच्या की त्यांना संत करू नका, त्या चांगुलपणासाठी ते मेहनत घ्यायचे. ती मेहनत मला पडद्यावर अजून बघायची होती.

एक दृश्य मात्र पुन्हा लावून बघितलं. १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला कृष्णवर्णीय आंदोलक पोहण्याच्या तलावात उतरले म्हणून मोटेलवाल्याने पाण्यात अॅसिड ओतलं होतं. १९६९ मध्ये रॉजर्स प्लास्टिकच्या छोट्या हौदात पाय सोडून बसतात आणि क्लेमन्सना बोलावतात. चार पाय एकाच पाण्यात, एकच टॉवेल. १९९३ मध्ये पुन्हा तोच प्रसंग केला, तेव्हा क्लेमन्सचे पाय रॉजर्सनी स्वतःच्या हातांनी पुसले.