मदत हवी आहे: माळकरी सासूबाईंना अंड्याशिवाय पुरेसं प्रोटीन कसं देऊ?

मंडळी, सासूबाई माळकरी, वय ६८, वजन ५० किलो. बी१२ फार कमी आलंय, पायांना मुंग्या येतात. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत, वर "रोज एक अंडं द्या" म्हणाले. त्या अंड्याला शिवणारही नाहीत, आणि मला तसा आग्रह धरायचाही नाही. डाळींत बी१२ नसतं हे कळतं, ते औषधातून जाईल. पण प्रोटीनसाठी अंडी-मासे लागतातच का? किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तरी दिवसाला ४१-४२ ग्रॅम हवं. वरण-भात, ताक घेतात. मटकीची उसळ मात्र कवळीने चावत नाही, अर्धी वाटी तशीच उरते. मऊ, पचायला हलकं काय करता तुम्ही? एकादशीचंही सांगा, त्या दिवशी नुसता साबुदाणाच पोटात जातो.