ट्रान्झिस्टरची लांबी कुठली, रुंदी कुठली?

प्रश्न : चिपवरच्या एका इन्व्हर्टरच्या (० चं १ आणि १ चं ० करणाऱ्या सर्किटच्या) आराखड्यात ट्रान्झिस्टरची लांबी ०.१५ आणि रुंदी १ मायक्रोमीटर दिली आहे. आपण तर मोठ्या बाजूला लांबी म्हणतो. आकडे उलटे पडलेत का? आणि 'लहान ट्रान्झिस्टर वेगवान' म्हणतात, मग तो रुंद कशाला करायचा?

उत्तर : आकडे बरोबर आहेत. इथे लांबी-रुंदी विजेच्या धारेच्या दिशेवरून ठरते. ट्रान्झिस्टरची दोन टोकं म्हणजे सोर्स आणि ड्रेन; त्यांच्यामधली धारा चालू-बंद करतं ते गेट. सोर्सकडून ड्रेनकडे जाताना गेटखाली जेवढं अंतर कापावं लागतं ती लांबी, तिच्या आडवी ती रुंदी. रुंदी वाढवली की धारा वाढते, लांबी वाढवली की घटते; म्हणून चिपवाल्यांच्या तोंडी सतत 'डब्ल्यू बाय एल' (रुंदी भागिले लांबी) असतं.

'लहान' हा शब्द मात्र या विषयात टाळावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे 'आखूड' आणि 'अरुंद' असे दोन नेमके शब्द आहेत आणि इथे त्यांचे परिणाम वेगळे आहेत. ट्रान्झिस्टर आखूड केला की धारा वाढते, शिवाय गेटची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) कमी होते. दोन्हींमुळे स्विचिंगला लागणारा वेळ घटतो. अरुंद केला तर धारकतेबरोबर धाराही घटते. रुंद केल्यावर दोन्ही वाढतात. त्यामुळे पुढे लांबलचक तार असेल तर रुंदीचा फायदा मिळतो. पुढचा ट्रान्झिस्टरही तितकाच रुंद केलात तर वेळ जवळपास तेवढाच लागतो, आणि मागच्या सर्किटवरचा भार वाढतो तो वेगळाच.

आखूड करण्यालाही मर्यादा आहे. सोर्स आणि ड्रेन फार जवळ आले की गेट बंद असतानाही धारा गळत राहते.

प्रश्न : त्याच इन्व्हर्टरमधला दुसरा ट्रान्झिस्टर, पी-मॉस, २ मायक्रोमीटर रुंद का?

उत्तर : आउटपुट वर चढवतो तो पी-मॉस. त्यात धारा होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, वाहून नेतात; पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन. सिलिकॉनमध्ये होल इलेक्ट्रॉनपेक्षा बरेच मंद सरकतात. आउटपुट वर चढायला आणि खाली उतरायला साधारण सारखाच वेळ लागावा म्हणून पी-मॉस रुंद ठेवतात.

पुरवणी : चिपच्या जाहिरातीतलं '३ नॅनोमीटर' म्हणजे गेटची लांबी समजू नये. ते आता प्रक्रियेच्या पिढीचं नाव उरलं आहे, प्रत्यक्ष गेट त्याहून बरंच लांब असतं. फिनफेटमध्ये (ज्यात धारा सिलिकॉनच्या उभ्या पात्यांतून, म्हणजे फिनांतून वाहते) तर रुंदी बहुतांशी उभी असते : फिनच्या उंचीची दुप्पट अधिक तिची जाडी. ती हवी तेवढी वाढवता येत नाही. एक फिन, दोन फिन, तीन फिन अशी पूर्ण संख्येतच मिळते.