अनुभव धागा: ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि घरातील लहान मुले

ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो आणि सकाळपासूनच लू म्हणजे उष्ण वारा अंगाला झोंबू लागतो. या दिवसांत मुलांना होणारे जुलाब, ताप आणि ऊन लागणे यांविषयी आपल्या घरी जे घडले व जे खरोखर उपयोगी पडले, ते येथील मराठी कुटुंबांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

दौलतगंज, दीड वर्षाच्या मुलाची आई

मुलाला पहाटे उलट्या-जुलाब सुरू झाले, तेव्हा सासूबाईंनी ताप किती आहे हे न विचारता लंगोट शेवटचा कधी ओला झाला, हे विचारले. बालरोगतज्ज्ञांनीही नंतर पहिला प्रश्न तोच केला. सहा-आठ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही, जीभ कोरडी पडली किंवा मूल मलूल झाले, तर घरी थांबू नये. ओआरएसची, म्हणजे जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या मिश्रणाची, मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवावी. अंदाजाने अर्धी पुडी पेल्यात टाकली, तर क्षारांचे प्रमाण बिघडते. आमच्या मुलाने पहिले चार चमचे ओकून टाकले. दहा मिनिटे थांबून मी पुन्हा वाटी-चमचा घेतला आणि प्रत्येक चमच्यानंतर थोडा वेळ जाऊ दिला, तेव्हा ते पोटात ठरले. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर द्यावे आणि उरलेले द्रावण 24 तासांनी फेकून द्यावे. डॉक्टरांनी दिलेले झिंक जुलाब थांबल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत द्यायचे असते.

मुरार, निवृत्त औषधविक्रेता

वरील ताईंच्या लिहिण्याला एक जोड देतो. फळांच्या चवीची गोड पेये ओआरएस समजून नेणारे पालक मी वर्षानुवर्षे पाहिले. अशा पेयांत साखर जास्त असल्याने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेने खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली, ही फार आवश्यक गोष्ट होती. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख वाचूनच ती घ्यावी. 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याच्या अशाच साध्या द्रावणाने पटकीचे (कॉलऱ्याचे) असंख्य रुग्ण वाचवले होते. त्याला स्वस्त म्हणून कमी लेखू नये.

थाटीपुर, आजोबा

भर दुपारी क्रिकेट खेळून आलेला नातू असंबद्ध बोलू लागला आणि त्याचे अंग तव्यासारखे तापले होते. हा साधा ताप नव्हता. उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, शरीर बाहेरून थंड करावे लागते. आम्ही कपडे सैल केले, अंगावर पाणी ओतत पंख्याचा वारा घातला आणि त्याच अवस्थेत इस्पितळ गाठले. मूल पूर्ण शुद्धीवर नसेल, तर तोंडात पाणी किंवा पन्हे मुळीच घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. कैरीचे पन्हे आमच्या घरी रोज होते आणि माझा त्यावर लोभ आहे, परंतु ते उन्हात जाण्यापूर्वीचे पेय आहे, उष्माघातावरचे औषध नव्हे. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायच्या कांद्याविषयीही हेच म्हणेन: परंपरा म्हणून ठेवावा, पण त्याच्या भरवशावर मुलाला अकरा ते चार बाहेर सोडू नये.

जयेंद्रगंज, नवजात मुलीची आई

सहा महिन्यांखालील बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. अंगावर अधिक वेळा पाजावे. सल्ले देणाऱ्या पाहुण्यांना हे मला वारंवार सांगावे लागले.

लश्कर, दोन मुलांचे वडील

पाण्याची टंचाई असली की घराघरांत पिंप भरून ठेवतात. त्यात हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढल्यास जुलाब आणि विषमज्वराचा धोका कमी होतो. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा केवळ रिकामी करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडांना चिकटून राहतात, म्हणून त्या कडा घासून टाकी कोरडी करावी. पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढावा. आमची धाकटी ओल्या हातांनी कूलरच्या जाळीकडे धावते, म्हणून हंगाम सुरू होताच अर्थिंग तपासून घेतो आणि कूलर खिडकीबाहेर बसवतो.