हिगोनोकामी चाकूचं पातं खुळखुळतंय, मदत हवी आहे

जपानी घडीचा चाकू आहे, जपानातल्या मिकी गावचा. पत्रा दुमडून केलेली पितळी मूठ. स्प्रिंग नाही, लॉक नाही. सगळी मदार रिव्हेटवर (पातं मुठीला जोडणारी खीळ), आणि तोच ढिला झालाय. उघडल्यावर टोक डावी-उजवीकडे डुलतं, मूठ उलटी केली की पातं आपोआप बाहेर. खिशात ठेवायची सोयच राहिली नाही!

सांधा रॉकेलने धुऊन तेल दिलं, उलट जास्तच सैल झाला. मूठ लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून दाबली, फरक तात्पुरता. पातं कार्बन स्टीलचं, त्यामुळे तापवायचं नाही (पाणी उतरेल, म्हणजे कडकपणा जाईल). ड्रिल मारून रिव्हेट बदलायचाही नाही.

गोल तोंडाची हातोडी आणि ऐरणीला रुळाचा तुकडा आहे. घट्ट करायला रिव्हेट ठोकताना पातं उघडं ठेवायचं की मिटलेलं? दोन्ही बाजूंनी ठोकायचं का? आणि जाम होऊ नये म्हणून आत कागदाची पट्टी सरकवावी का?