रंगीत डायकटसाठी अख्खे कागद का फाडायचे?

कपटेवाली
गणपती तोंडावर आलेत. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हापासून आमच्या सोसायटीत सगळी सजावट कागदाची असते. चांगलंच आहे. पण डायकटिंग, म्हणजे धारदार कडांचा साचा (डाय) कागदावर ठेवून मशीनमध्ये दाबून आकार कापणं, ते करणाऱ्यांच्या टेबलाखालची टोपली एकदा बघा.

मोराचा डाय घ्या. अंग, मान, तुरा, पिसारा आणि पिसाऱ्यातले डोळे असे सुटे भाग पडतात. बहुतेक जण काय करतात? निळ्या, हिरव्या, मोरपंखी, सोनेरी, पिवळ्या अशा प्रत्येक रंगात अख्खा मोर कापतात. निळ्याची मान घेतली, हिरव्याचा पिसारा घेतला, बाकी टोपलीत. पाच मोर मारून एक उभा करायचा, याला माझा साफ विरोध आहे.

डायवर जिथे मान आहे, तेवढ्यावरच निळा तुकडा ठेवा. तुकडा त्या भागाच्या रेषेबाहेर दोन-तीन मिलिमीटर जाऊ द्या, कमी चिकट टेपनं धरा आणि मशीनमधून काढा. शेजारशेजारचे दोन भाग मात्र एका फेरीत घेऊ नका. तुकडे एकमेकांवर चढतात, तिथे जाडी दुप्पट होते आणि कड अर्धवट कापली जाते. पहिल्या फेरीत मान आणि पिसाऱ्याचे डोळे, दुसऱ्या फेरीत तुरा आणि पिसारा. अंग दोघांनाही चिकटून असतं, त्याची तिसरी फेरी. काडेपेटीएवढे कपटेसुद्धा कामी येतात. बोला आता.

पेठेतला
पाचही रंगांत अख्खे मोर कापा आणि भागांची अदलाबदल करा की! पाच रंग, पाच मोर, एकही भाग वाया नाही.

कपटेवाली
पाच हवे असतील तर ठीक. मला एकच हवा आहे. शिवाय तुमच्या हिशेबात एका मोराची मान पिवळी आणि अंग सोनेरी येणार. तो मोर ओळखणार कोण? फुलांना तुमची युक्ती झकास, जास्वंद कुठल्याही रंगाची खपते.

पेठेतला
आमच्या पेठेत पिवळ्या मानेचा मोरही खपतो. नावं ठेवणारे फुकट मिळतात, एवढंच.

रंगाची पेटी
मुळात रंगीत कागद हवेतच कशाला? पांढरा जाड कार्डशीट घ्या, एकदाच कापा आणि भाग रंगवा. कापून उरलेली चौकट टाकू नका. तीच स्टेन्सिल. चौकट दुसऱ्या कागदावर ठेवून स्पंजनं शाई थापली की मागच्या थराला मोराची सावली फुकटात मिळते. शाळेतले स्केचपेन मात्र नकोत, एकाच जागी दोनदा फिरवले की कागदाची साल निघते.

आमंत्रणवाली
मी मुंजीच्या आणि लग्नाच्या पत्रिकांची कामं घेते, त्यामुळे जरा कडू बोलते. ए४ म्हणजे एका चौरस मीटरचा सोळावा भाग. २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा, एक कागद साधारण साडेपंधरा ग्रॅम भरतो. शंभर कागद वाया गेले तरी दीड किलो. त्यासाठी प्रत्येक पत्रिकेवर तीन फेऱ्या, टेप लावा, टेप सोडवा? टेप सोडवताना सोनेरी कागदाची वरची चमक निघून येते ती वेगळीच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! दोनशे पत्रिका असतील तर एका रंगाचा एकच भाग ओळीनं खेटून कापायचा. त्यासाठी सुट्या भागांचे डाय घ्या. आणि रंगाची पेटी, दोनशे मोर रंगवायला तुम्ही येणार का?

रंगाची पेटी
चहा-पोहे असतील तर येईन.

कपटेवाली
आमंत्रणवाली ताई, दोनशेला तुमचंच बरोबर. मी घरच्या पाच-दहा नगांबद्दल बोलतेय. तिथे वेळ वाचवून करायचंय काय? टेप आधी साडीच्या पदराला दोनदा लावून घ्या, चिकटपणा उतरतो, चमक निघत नाही.

सुका कचरा
वजनाचा हिशेब मला पटला नाही. अख्खा कागद रद्दीत जातो, त्याचा पुन्हा लगदा होतो. नखाएवढे कपटे कोण वेचणार? पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, घरोघरी सुका कचरा वेगळा घेतला जातो, पण आपण ही चूर केराबरोबर झाडून ओल्यात ढकलतो. कपटे जुन्या लिफाफ्यात भरून, तोंड बंद करून द्या. ग्लिटरचे आणि आरशासारखे चकचकीत कागद त्यात घालू नका. त्यांवर प्लास्टिकचा थर असतो, लगदा बिघडतो. म्हणून वाचवायचाच असेल तर आधी तो कागद वाचवा.

नवशिकी
मग या कपट्यांचा घरीच हातकागद नाही का करता येणार? शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे ना?

सुका कचरा
ती १९४० सालची संस्था, तिथला कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा. सुती धागा लांब असतो, म्हणून तो कागद चिवट. आपल्या कार्डशीटचा धागा आखूड, कागद ठिसूळ होणार. भेटकार्डाला चालेल. रंग वेगवेगळे भिजवा, एकत्र केले तर चिखलाचा रंग येतो.

जुनी कात्री
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ज्या कागदावर दुसरा कागद चिकटणार आहे, त्याचं पोट रिकामंच असतं. फोटोच्या मागच्या सोनेरी कागदाची दिसते फक्त कडेची पाच-सहा मिलिमीटर पट्टी. चिकटवण्याआधी मधूनच पिसाऱ्याचे डोळे कापून घ्या. नवा कागद लागतच नाही.

आमंत्रणवाली
हे मी करते. पण पोट फार कोरलं की वरचा फोटो मध्ये खचतो.

जुनी कात्री
भोकात बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा तेवढ्याच मापाचा बसवा. त्याच डायनं कापला तर माप चुकत नाही. पुठ्ठा फार जाड असेल तर मात्र मशीनवर जोर करू नका.

नवशिकी
पाच रंगांसाठी पाच पॅक घ्यावे लागतात का? बोहरी आळीत जाऊ की अप्पा बळवंत चौकात?

कपटेवाली
चौकात जा, सुटे कार्डशीट मागा. घोटीव कागद घेऊ नका, तो पातळ असतो आणि फेव्हिकॉल लागला की आक्रसतो. डाय सोबत न्या. कागदावर ठेवून बघितल्याशिवाय किती लागेल ते कळत नाही, आणि दुकानदार दर वेळी डझनच काढतो.