अँबॅसेडर मार्क २ : सेल्फ खोलून तपासणे आणि पुन्हा बसवणे

जुळे_सोलापूर_मार्क२

नमस्कार. आमच्या घरी वडिलांच्या काळापासूनची अँबॅसेडर मार्क २ आहे. इंजिन मूळचेच, १४८९ सीसीचे पेट्रोल. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, परंतु दुपारच्या उन्हात विजापूर रोडने फेरी मारून थांबवली की सेल्फ (स्टार्टर मोटर) जड फिरतो. शिवाय अधूनमधून सेल्फ नुसताच मोकळा फिरल्याचा आवाज येतो आणि इंजिन जागचे हलत नाही. येथील एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या मते आर्मेचर (सेल्फच्या आतला, तारा गुंडाळलेला फिरणारा भाग) गेले आहे आणि रिवाइंडिंगच्या भानगडीत न पडता दुसऱ्या गाडीचा सेल्फ बसवून घ्यावा. मला मूळचा लुकासचा सेल्फ जपायचा आहे. तो खोलल्यावर काय पाहावे आणि बसवताना कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

होटगीरोड_गॅरेज

आपण सांगितलेल्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी निघतील, म्हणून आर्मेचरवर लगेच ठपका ठेवू नये. सेल्फ उतरवण्याआधी मल्टिमीटर घ्या. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून ती बॉडीला अर्थ करा, आणि एकाला सेल्फ मारायला सांगून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज पाहा. ते साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर आधी बॅटरीकडे लक्ष द्यावे. त्यानंतर सेल्फ फिरत असतानाच बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपासून सेल्फच्या अंगापर्यंत किती व्होल्ट दिसतात ते मोजा, आणि तसेच दुसऱ्या टर्मिनलपासून सेल्फच्या बोल्टपर्यंतही मोजा. यांपैकी कोठेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट असेल तर दोष केबलमध्ये, सोलेनॉइडमध्ये (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचमध्ये) किंवा अर्थिंगमध्ये आहे.

अर्थिंगवर माझा विशेष भर आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने सेल्फचा सगळा करंट इंजिन आणि चासी यांच्यामधल्या विणलेल्या पट्टीतूनच परत जातो. ती पट्टी गंजली की करंट मिळेल त्या वाटेने जातो. सेल्फ मारल्यावर चोकची तार हाताला गरम लागली, तर ही पट्टी आधी बदला.

लेथवाले_काका

वरील सल्ला योग्य आहे. मी खोलकामाविषयी लिहितो. सर्वप्रथम बॅटरीची अर्थची केबल काढावी, कारण सेल्फच्या बोल्टवर जिवंत केबल असते आणि तेथे पाना टेकला तर मोठी ठिणगी उडते. सेल्फ बाहेर आल्यावर आर्मेचरच्या पत्र्यांवर घासल्याची चकचकीत खूण आहे का, हे मी सर्वांत आधी पाहतो. तशी खूण असली तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळ्या) झिजले आहेत आणि आर्मेचर खाली येऊन पोलला (भोवतीच्या स्थिर चुंबकाला) घासत आहे, असे समजावे. गरम झाल्यावर जड फिरणाऱ्या सेल्फमध्ये हे कारण मला वारंवार आढळते, आणि त्यासाठी रिवाइंडिंगची काहीच गरज नसते. नवे सच्छिद्र ब्राँझचे बुश बसवण्याआधी रात्रंदिवस पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावेत, म्हणजे ते तेल पिऊन घेतात. बसवल्यावर त्यांना रीमर मारू नये, त्याने छिद्रे बुजतात.

कार्बन (ब्रश) ८ मिलिमीटरच्या आसपास झिजले असतील तर बदलावेत. कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) बारीक काचपेपरने साफ करावा, एमरी मात्र वापरू नये, कारण तिचे कण वीजवाहक असू शकतात आणि तांब्यात रुततात. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे डायनॅमोच्या कॉम्युटेटरमधला, पट्ट्यांच्या मधला अभ्रक खोल कापतात, पण लुकासच्या या सेल्फमधला तसा कापायचा नसतो. कारागिरासमोर उभे राहून हे सांगा, नाहीतर तो सवयीने कापून मोकळा होईल.

मोकळे फिरण्याचे कारण बेंडिक्समध्ये, म्हणजे सेल्फला इंजिनशी जोडणाऱ्या यंत्रणेत असते. शाफ्ट झटक्याने फिरला की पिनियन (लहान दातेरी चाक) आट्यांवरून सरकून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये जातो. क्लचची धूळ आणि जुने तेल यांचा चिकटा आट्यांवर बसला की तो जागेवरच फिरतो. रॉकेलने धुऊन कोरडे करा आणि ग्रीस अजिबात लावू नका, कारण त्यावर पुन्हा धूळच साचते. बसवण्याआधी सेल्फचा आणि बेलहाउसिंगचा (फ्लायव्हीलवरच्या आवरणाचा) तोंडाचा भाग रंग खरवडून उघड्या धातूपर्यंत साफ करावा. सेल्फचे अर्थिंग त्याच तोंडातून होते, आणि हौसेने रंगवलेल्या इंजिनांत नेमके तेथेच अडते. दोन्ही बोल्ट हाताने पूर्ण आत गेल्यावरच पान्याने आवळावेत.

जुळे_सोलापूर_मार्क२

दोघांचेही मनापासून आभार. अर्थच्या बाजूने एक व्होल्टहून अधिक घट दिसली. पट्टी बदलली, बुश आणि कार्बनही नवे घातले. आर्मेचर ग्राउलरवर (आर्मेचर तपासण्याच्या यंत्रावर) ठीक निघाले, त्यामुळे आता भर उन्हातही सेल्फ व्यवस्थित फिरतो. बेंडिक्स धुतल्यावर मोकळे फिरणे जवळजवळ थांबले आहे, पण एखाद्या वेळी दात घासल्याचा कर्कश आवाज येतो.

लेथवाले_काका

मग आता फ्लायव्हीलची रिंग तपासावी लागेल. सेल्फ पुन्हा उतरवून त्या भोकातून टॉर्चने पाहत, कोणाला तरी हँडलने इंजिन सावकाश फिरवायला सांगा. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोनच जागी थांबते, म्हणून रिंगचे दातही त्याच दोन जागी खाल्ले जातात. झीज तेवढीच असेल तर पुढे क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा रिंग तापवून काढावी आणि पाव फेरा फिरवून पुन्हा बसवावी, म्हणजे चांगले दात त्या जागी येतात. दातांना पिनियन शिरण्यासाठी एका बाजूने उतार दिलेला असतो, म्हणून रिंग उलटी मात्र बसवू नये. तोपर्यंत आवाज आल्यास सेल्फ सोडावा, इंजिन पूर्ण थांबू द्यावे आणि मगच पुन्हा मारावा.