मांजराच्या स्वादुपिंडाला सूज, खाणं पूर्ण बंद – मदत हवी आहे

आमचा गोट्या, नऊ वर्षांचा बोका, मंगळवारपासून जेवलेला नाही. आज शुक्रवार. उलट्या दोनच झाल्या. नुसता पलंगाखाली अंग आखडून बसतो. केसांचा गोळा अडकला असेल म्हणून मी दोन दिवस वाट पाहिली, त्याचं फार वाईट वाटतंय.

रक्तात अमायलेज, लायपेज (स्वादुपिंडाची एन्झाइम्स) नॉर्मल. पण सोनोग्राफीत स्वादुपिंड सुजलेलं, आतड्याची भिंत जाड आणि पित्तनलिका फुगलेली दिसली. मांजराची स्वादुपिंडाची नळी आणि पित्तनलिका आतड्यात उघडण्याआधीच एकत्र येतात, म्हणून तिन्हीकडे एकदम सूज येऊ शकते, असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. सलाईन, उलटीसाठी मॅरोपिटंट आणि दुखण्यावर ब्युप्रेनॉर्फिन चालू आहे.

सासूबाई म्हणतात, पोटाला आराम द्या, खायला घालू नका. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर मानेतून अन्ननळीत नळी बसवू. मला धडकीच भरली आहे. आणि स्वादुपिंडाची सूज ओळखणारी एफपीएलआय नावाची महागडी रक्तचाचणी सांगितली आहे, ती खरंच लागेल का?

प्रतिसाद
ताई, उपाशी अजिबात ठेवू नका. मांजर काही दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचते आणि कावीळ होते. बोका जाड असेल तर धोका जास्त. सिरिंजने बळेच भरवू नका, मळमळत असताना भरवलेल्या अन्नाचा मांजरं तिटकारा घेऊ शकतात. नळीला घाबरू नका. आमच्या मनीला ती महिनाभर होती. थोडा वेळ भूल देतात, नंतर औषधंही नळीतूनच जातात, तोंड उघडायची झटापट नाही.
मांजरात अमायलेज-लायपेज नॉर्मल असण्याला काही अर्थ नसतो, म्हणून ती चाचणी करा. बी-12सुद्धा बघायला सांगा, आतडं बिघडलं की ते कमी होतं. आणि घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराला ते विष आहे.

धागाकर्ती
मनापासून आभार. शनिवारी नळी बसवली. चाचणी पॉझिटिव्ह आली, बी-12 कमी निघालं, आता दर आठवड्याला इंजेक्शन. काल रात्री पलंगाखालून स्वतःहून बाहेर येऊन माझ्या पायाशी झोपला.
आता आतड्याच्या सुजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुचवलं आहे. त्याआधी बायोप्सी (आतड्याचा तुकडा काढून तपासणी) केलेलं कुणी आहे का? लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सरही सोनोग्राफीत असाच दिसू शकतो म्हणे, आणि एकदा स्टिरॉइड दिलं की बायोप्सीत ओळखणं अवघड जातं. गोट्याला परत भूल द्यायची का, हे ठरत नाहीये.